पिशव्या राखणारी आई

झुरिकला आल्यापासून थंडीतला दर शनिवार नव्या डोंगरावर! एंगेलबर्ग झालं, दावोस झालं. आमचे हे आणि मुलं स्कीइंग करणार, मी मात्र उपाहारगृहात पिशव्या राखत बसणार. फ्लुम्सरबर्गला लेकीनं विचारलं, "आई, तू नेहमी सामानापाशीच का गं?" जिव्हारी लागलं. दुसऱ्यांना शिकवणारी मी, तडक विद्यार्थिनी झाले. पहिला धडा पडण्याचा: कुशीवर पडायचं! निळ्या खुणांची वाट सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. आतून सुती कपडे नकोत. घामानं भिजले की अंग गारठतं, लोकरीचेच घालावेत. बर्फावरचं ऊनही भाजतं, तोंडाला क्रीम हवंच. कितीदा तरी आपटले. पण परवा निळी वाट एकटीनं उतरले. आणि पिशव्या? त्या राहिल्या कुलपात!