लाल किल्ल्यावरील भाषण आणि टेकडीवरील हिशेब

15 ऑगस्ट 2025 रोजी पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांनी लाल किल्ल्यावरून 103 मिनिटांचे भाषण केले. स्वातंत्र्यदिनी एवढे दीर्घ भाषण तोवर कोणत्याही पंतप्रधानांनी केलेले नव्हते. परंतु राष्ट्रनेत्याच्या भाषणाचे मोल घड्याळावर ठरत नसते. त्याची कसोटी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 साली मंत्रिपद सोडतानाच्या निवेदनात घालून दिली आहे. 350 कोटींच्या वार्षिक महसुलातून 180 कोटी रुपये सैन्यावर खर्च होतात, असे सांगून त्यांनी त्या वेळच्या परराष्ट्रधोरणाला जाब विचारला होता. परराष्ट्रधोरण आणि घरची भाकरी यांचा जमाखर्च एकाच वहीत मांडावा लागतो, हा त्यातील बोध होय.

भाषणाचा परराष्ट्रविषयक भाग ठाम होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पहलगाम येथे 22 एप्रिल 2025 रोजी निरपराध प्रवाशांची हत्या झाली. अशा प्रसंगी नागरिकांचे रक्षण करणे हे राज्याचे आद्य कर्तव्यच आहे. अण्वस्त्रांच्या धाकाला भीक न घालण्याचा आणि सिंधू जलकरार न स्वीकारण्याचा निर्धार पंतप्रधानांनी बोलून दाखविला.

पण घराकडे दृष्टी वळविताच काय दिसते? खाजगी क्षेत्रात प्रथमच नोकरीस लागणाऱ्या तरुणास 15,000 रुपये आणि नव्या नोकऱ्या देणाऱ्या मालकांनाही प्रोत्साहन, अशी सुमारे 1 लाख कोटी रुपयांची योजना घोषित झाली. तरुणांना काम मिळावे, याला कोणाचा विरोध असणार? परंतु संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदातील प्रतिनिधित्वाचा अधिकार सरकारी नोकरीच्या उंबरठ्यावरच थांबतो. जोगेश्वरीच्या टेकडीवरील झोपडीत वाढलेल्या पदवीधराचे आडनाव पाहून मालकाने त्याला परत पाठविले, तर या योजनेत त्याला दाद कोठे आहे? पैसा जनतेचा, निवड मालकाची आणि प्रतिनिधित्व कोणाचेच नाही!

दुसरी विसंगती याहून गंभीर आहे. भारताने जगाला युद्ध नव्हे, बुद्ध दिला, असे याच पंतप्रधानांनी 27 सप्टेंबर 2019 रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत सांगितले. मात्र त्यांच्याच गुजरातमध्ये एप्रिल 2024 मध्ये सरकारी परिपत्रक निघाले. हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाणाऱ्याने 2003 च्या कायद्याप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी, असे त्यात बजावले होते. परदेशात जो बुद्ध राष्ट्राचे भूषण ठरतो, त्याला शरण जाण्यासाठी स्वदेशी अर्ज करावा लागावा काय? पंचविसाव्या अनुच्छेदाने दिलेले सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य अधिकाऱ्याच्या सहीवर टांगून ठेवता येते काय? राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शताब्दीचा गौरव करण्यास या भाषणात अवसर मिळाला. या प्रश्नावर मात्र अवाक्षर निघाले नाही.

राजकारणातील भक्ती हा अधःपाताचा आणि पर्यायाने हुकूमशाहीचा मार्ग आहे, असा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. सबब नेत्याचे भाषण प्रवचनासारखे ऐकू नये. दर पंधरा ऑगस्टला आपण तीनच प्रश्न विचारावेत : सरकारी पैशातून निर्माण झालेल्या नोकऱ्यांत आमचा वाटा किती? आमच्या धर्मस्वातंत्र्यावरील पहारा उठला काय? आणि जगापुढे उच्चारलेला शब्द घरात पाळला जातो काय? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत टाळ्या राखून ठेवणे, हेच जागृत नागरिकाचे कर्तव्य होय.