करुणा हेही औषधच

पती, दोन्ही मुले व आईबाप गमावून भ्रमिष्ट झालेल्या पटाचारेला लोक हाकलीत होते. भगवान बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले; तेथेच ती शुद्धीवर आली.

सावेडीकरांना आज असे उदाहरण दूर शोधावयास नको. अहिल्यानगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य रस्त्यावर टाकलेल्या मनोरुग्ण भगिनींना ‘माऊली’ संस्थेत घरच्यासारखे सांभाळते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे व समाजात राहणे हा रुग्णाचा हक्क ठरविला. परंतु हक्क कायदा देतो, जिव्हाळा माणसेच देतात.

बंधुभगिनींनो, धम्मदीक्षेबरोबर आपण अंगारेधुपारे सोडले. आता रुग्णाला लाजेने कोंडून ठेवणेही सोडू या. त्यास डॉक्टरांकडे न्या आणि विहारात आपल्या शेजारी बसवा.