चेंडू तिच्या हाती, धीर आपल्या हाती

स्मरणिकेच्या पानांवर विद्यालयाच्या यशाची नोंद व्हावी, हे योग्यच आहे. चषकांची छायाचित्रे आणि गुणवंतांची नावे या अंकात आहेतच. आम्ही मात्र या निमित्ताने एका हरलेल्या सामन्याविषयी लिहीत आहोत. त्या दिवशी मुली हरल्या, असे निकालपत्रक सांगते. आमच्या मते हरलो ते आम्ही मोठी माणसे. ते कसे, हे माजी विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर मोकळेपणाने मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सामना जिल्हास्तरीय शालेय सॉफ्टबॉल स्पर्धेतील होता. आमची पिचर नववीत शिकणारी, वसतिगृहात राहणारी मुलगी. चार इनिंगपर्यंत तिने उत्तम चेंडू टाकले आणि आम्ही ४-२ अशा आघाडीवर होतो. पाचव्या इनिंगमध्ये पहिल्या बॅटरला तिने सलग चार बॉल टाकले. बॅटर चालत पहिल्या बेसवर गेली. दुसरीच्या वेळीही तेच घडले. तेथून आमचा आरडाओरडा सुरू झाला. एक शिक्षक म्हणाले, ‘हात सरळ ठेव.’ दुसरे म्हणाले, ‘पाऊल लांब घे.’ दोरीपलीकडून एका माजी विद्यार्थ्याने ‘जोरात टाक’ असे सांगितले, तर त्याच्याच शेजारच्याने ‘हळू टाक’ असे सांगितले. एक पालक ‘घाबरू नकोस’ असे इतक्या मोठ्याने ओरडले, की घाबरलेली नसती तरी ती घाबरली असती. ती प्रत्येकाकडे पाहत राहिली आणि प्रत्येक चेंडू निराळ्या तऱ्हेने टाकीत राहिली. बेस भरले, वॉकवर धाव गेली, आणि आम्ही तिला काढून घेतले. सामना ४-७ असा गेला.

त्या रात्री ती जेवली नाही. पुढच्या आठवड्यात ती एवढेच म्हणाली, ‘सर, मला आउटफिल्डला ठेवा.’ सामना गेल्याचे दुःख दोन दिवसांचे होते. हे वाक्य आम्हांला आजही बोचते.

चेंडूवरचा ताबा सुटणे हा पिचरचा गुन्हा नव्हे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचिंगचे अंतर ४३ फूट असते. लहान वयोगटांत ते काहीसे कमी असते. होम प्लेटची रुंदी १७ इंच. पिचर हात खांद्याभोवती पूर्ण फिरवून चेंडू कमरेजवळून खालच्या बाजूने सोडते. चेंडू सोडताना दिशेत केवळ एका अंशाचा फरक पडला, तर ४३ फुटांवर तो चेंडू जवळजवळ ९ इंच बाजूला जातो. म्हणजे प्लेटच्या मध्यावर नेमलेला चेंडू थेट कडेच्या बाहेर. चौदा वर्षांच्या मुलीकडून ही अचूकता शंभर वेळा मागायची आणि दहा वेळा चुकली की तिच्यावर ओरडायचे, याला मार्गदर्शन म्हणता येणार नाही.

चूक घडते त्याला कारण असते आणि चेंडू ते कारण सांगतो. चेंडू वारंवार उंच जात असेल, तर बहुधा तो हातातून उशिरा सुटत असतो किंवा धड मागे झुकत असते. तो प्लेटच्या अलीकडे जमिनीवर आपटत असेल, तर लवकर सुटत असतो किंवा खांदे पुढे पडत असतात. एकाच बाजूला जात असेल, तर पुढचे पाऊल सरळ रेषेतून ढळलेले असते, अथवा हाताचे वर्तुळ शरीरापासून दूर गेलेले असते. सामना लांबला की पाय थकतात, पाऊल आखूड पडते आणि वरची सगळी लय बिघडते. या सर्वांहून अवघड कारण भीतीचे आहे. भ्यालेली पिचर चेंडू टाकीत नाही, तो जपून ठेवायला जाते. बोटे चेंडू आवळतात, हाताचा वेग मंदावतो, आणि नेम धरण्याच्या नादात नेमच चुकतो. अशा वेळी ‘हळू टाक, पण स्ट्राइक टाक’ हा आपला आवडता सल्ला तिचे नुकसानच करतो.

मग सामना चालू असताना करावे काय? आमचे मत असे की, सामन्यात शिकवू नये, आठवण द्यावी. पिचिंगची पद्धत बदलण्याची जागा सरावाचे मैदान आहे. सामन्यात एका वेळी एकच गोष्ट सांगावी, आणि तीही मुलीला सरावात ठाऊक झालेल्या शब्दांत. ‘पाऊल सरळ’ किंवा ‘बोटे सैल’, एवढे पुरे. दुसरे असे की, ती गोष्ट एकाच व्यक्तीने सांगावी. कोणी सांगायचे ते सामन्याआधी ठरवावे आणि इतरांनी, आम्ही शिक्षकांनीसुद्धा, मौन पाळावे. मैदानात जाऊन बोलण्याच्या संधी नियमाने मोजक्याच असतात. तेथे गेल्यावर पहिला शब्द प्रश्नाचा असावा: ‘चेंडू कुठे जातोय, तुला काय वाटते?’ पुष्कळदा मुलगीच अचूक उत्तर देते. जिने आपली चूक स्वतः ओळखली, तिला ती दुरुस्त करण्याचा मार्गही लवकर सापडतो.

दोन चेंडूंमधील काही सेकंद पिचरचे स्वतःचे असतात. कॅचरकडून चेंडू आल्यावर पिचिंग प्लेटपासून मागे यावे, एक दीर्घ श्वास सोडावा, मागचा चेंडू मागे टाकावा, सांगितलेली एकच गोष्ट मनात घ्यावी आणि मगच प्लेटवर पाय ठेवावा. चेंडू टाकण्यापूर्वी दोन्ही हात एकत्र आणून क्षणभर स्थिर राहण्याचा नियमच आहे. तो क्षण धांदलीत दवडू नये. ही सवय लागण्यासाठी सरावातच एखादी इनिंग बेस भरलेले आहेत असे समजून टाकून घ्यावी.

यात कॅचरचे स्थान फार मोठे आहे. ताबा सुटू लागला की तिने कडेचे लक्ष्य सोडून हातमोजा प्लेटच्या मध्यावर, मोठा उघडून धरावा. बॅटरने चेंडू मारला तर मारू द्यावा. मागे सात खेळाडू झेलायला उभ्या आहेत, हे पिचरला दिसले पाहिजे. पिचरला आधार शब्दांपेक्षा अशा कृतीने लवकर मिळतो. म्हणून पिचर आणि कॅचर यांचा सराव जोडीने व्हावा, असा आमचा आग्रह आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पालक म्हणतील, ‘हे सगळे खरे, पण सामना गेला तर प्रमाणपत्र जाते.’ आमच्या मुलींच्या घरांची परिस्थिती आम्ही जाणतो. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण यांचा अर्थ शेतमजुराच्या किंवा बांधकामावरील कामगाराच्या मुलीला जितका कळतो, तितका इतरांना कळणार नाही. जिंकणे क्षुल्लक आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु प्रमाणपत्रापर्यंत पोहोचण्यासाठी मुलगी खेळात टिकली पाहिजे. एका सामन्याच्या धाकाने चेंडू खाली ठेवणारी मुलगी पुढची तीन वर्षे गमावते. हा हिशेब पालकांनीच करून पाहावा.

दुसरा मुद्दा भाराचा. ‘चांगली पिचर सगळे सामने एकटीने काढते’ अशी समजूत आपल्याकडे आहे. त्यासाठी जपानच्या युकिको उएनो यांचे उदाहरण हमखास दिले जाते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्यांनी दोन दिवसांत तीन सामने खेळून चारशेहून अधिक चेंडू टाकले आणि अमेरिकेला हरवून सुवर्णपदक मिळवून दिले. हे खरेच आहे. परंतु त्या वेळी त्या २६ वर्षांच्या, पूर्ण घडलेल्या खेळाडू होत्या; आमच्या मुली चौदा वर्षांच्या आहेत. त्याच उएनो २०२१ मध्ये टोकियोच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्धच खेळत असताना सहाव्या इनिंगमध्ये त्यांच्या जागी तरुण मियू गोतो आल्या, आणि सातव्या इनिंगमध्ये उएनो पुन्हा परतल्या. जपानने सामना २-० असा जिंकला. पिचरला विश्रांती देणे म्हणजे तिला शिक्षा करणे नव्हे, हे यावरून शिकावे. आम्ही त्या दिवशी आमच्या मुलीला काढले ते शिक्षा केल्यासारखे, पाठीवर हात न ठेवता, एक शब्दही न बोलता. दुसरी पिचर तयार असती, तर तीच गोष्ट वेगळ्या रीतीने करता आली असती.

म्हणून आमच्या काही विनंत्या आहेत. पालकांनी सामन्याला अवश्य यावे, टाळ्या वाजवाव्यात, पण सूचना देऊ नयेत. घरी फोनवर बोलताना ‘किती वॉक दिलेस?’ असे न विचारता ‘पाय दुखतात का, जेवलीस का?’ असे विचारावे. ज्या माजी विद्यार्थिनी हा खेळ खेळल्या आहेत, त्यांनी सुट्टीत चार दिवस मैदानावर यावे. मुलींना आपली भीती ताईजवळ सांगणे सोपे जाते. ज्यांना देणगी द्यावयाची आहे, त्यांनी चषकाऐवजी कॅचरच्या संरक्षक साहित्याचा आणखी एक संच द्यावा. तो मिळाला तर दोन पिचर एकाच वेळी सराव करू शकतील आणि एकीवरचा भार उतरेल.

ती मुलगी चार महिने आउटफिल्डला खेळली. आम्ही तिला आग्रह केला नाही. एके संध्याकाळी आठवीतील एका मुलीचे चेंडू उंच जात होते. तिला ‘उशिरा सोडतेस गं’ असे सांगायला ती आपणहून पुढे आली, आणि दाखविण्यासाठी तिने चेंडू हातात घेतला. पुढच्या हंगामात ती पुन्हा पिचिंग प्लेटवर उभी राहिली. तिसऱ्या इनिंगमध्ये तिचा एक चेंडू कॅचरच्या डोक्यावरून गेला. दोरीपलीकडे कोणी बोलले नाही. ती मागे आली, श्वास सोडला, बोटे दोनदा उघडली-मिटली. पुढचा चेंडू खाली आपटला. त्यानंतरचा स्ट्राइक होता.

तो सामना आम्ही एका धावेने जिंकलो, त्यापुढचा हरलो. दोन्ही दिवशी रात्री ती सर्वांबरोबर पंगतीला बसली होती.