कोरियन मालिका : एका जुन्या प्रेक्षकाचा जबाब

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने फावल्या वेळात काय पाहावे, याविषयी समाजाच्या काही ठाम समजुती आहेत. अर्थसंकल्पावरील चर्चा त्याने पाहावी, फार तर क्रिकेट पाहावे. तो कोरियन मालिका पाहतो असे कळताच अध्यापक-कक्षातील चहाचे पेले क्षणभर अधांतरी थांबतात, आणि मग कोणीतरी सहृदयतेने ‘मुलीमुळे पाहावी लागत असेल’ असा सुटकेचा मार्ग सुचवतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हे व्यसन आमच्या घरात मी आणले, आणि माझ्याही आधी त्यात माझी आई गुंतली होती.

२००६ साली दूरदर्शनवर ‘घर का चिराग’ या नावाची एक मालिका हिंदी भाषांतरात दाखवली गेली. नाव पाहून सासू-सुनांचे भांडण असावे असेच कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात ती ‘दे जांग गम’ ही २००३-०४ मधील कोरियन मालिका होती. सोळाव्या शतकातील जोसन राजवटीत राजवाड्याच्या मुदपाकखान्यात दाखल झालेली एक अनाथ मुलगी पुढे राजाची वैद्य होते, ही तिची कथा. त्या राजवटीच्या बखरींत या स्त्रीचे मोजकेच उल्लेख आहेत. त्यांवर ५४ भागांचा डोलारा उभा केलेला. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली माझी आई त्या काळात हिंदी मालिकांतील भरजरी साड्यांना विटली होती. कोरिया नकाशावर कोठे आहे, हे तिला मुलांना शिकवून ठाऊक होते. त्यापलीकडे काही नाही. पण पहिल्या आठवड्यातच तिने निकाल दिला की, "ह्या मुलीला काम करताना दाखवतात. आपल्याकडे नुसत्या बसलेल्या असतात." त्या एका वाक्यात कोरियन मालिकांचे जे मर्म आले आहे, त्यात गेल्या वीस वर्षांत मला फारशी भर घालता आलेली नाही.

या मालिकांतील माणसे काम करतात, आणि त्यांना पैशाची चिंता असते. प्रेमकथा, स्मृतिभ्रंश, पहिला हिमवर्षाव, मनगट धरून ओढणे हे सारे आहेच, त्याची थट्टाही रास्त आहे. परंतु त्या प्रेमकथेच्या आड कोणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, घरभाडे कसे भरले जाते, बापाची नोकरी टिकेल की नाही, याचा हिशेब चालू असतो. ‘रिप्लाय १९८८’ ही २०१५-१६ मधील मालिका पाहा. सोलच्या सांगमुन-दोंग भागातील एका गल्लीत राहणारी पाच कुटुंबे एवढाच तिचा विषय. नायिकेचा बाप बँकेत नोकरीस आहे, तरी त्याचे कुटुंब अर्ध्या तळघरात राहते. कारण त्याने कोणाच्या तरी कर्जाला जामीन राहण्याचा भलेपणा केलेला असतो. वरच्या घरातील कुटुंबाचे दैन्य फिटते ते थोरल्या मुलाच्या लॉटरीच्या तिकिटामुळे. संध्याकाळी जेवणाच्या वेळी प्रत्येक घरातील आई मुलाच्या हाती एकेक वाडगा देऊन शेजारी धाडते, आणि मग ती मुले वाडगे घेऊन एकमेकांना ओलांडत गल्लीभर फिरत राहतात. चाळीत वाढलेल्या माणसास या दृश्याचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही. जामीनकीचा तर मुळीच नाही. आपल्याकडील पतपेढीच्या कर्जास जामीन राहून पगारातून हप्ते कापले गेलेला एक तरी कारकून प्रत्येक वाचकाच्या ओळखीचा असेल.

भाषेचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्रजी उपशीर्षके वाचून या मालिका पाहणारा प्रेक्षक अर्ध्या नाट्यास मुकतो, असे माझे मत आहे. कोरियन भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि समोरचा माणूस वडील आहे, बरोबरीचा आहे की धाकटा, हे त्याच्या प्रत्ययावरून ठरते. दोन माणसे आदरार्थी बोलण्यावरून एकेरीवर केव्हा येतात, हा तेथे प्रेमाच्या किंवा भांडणाच्या इतिहासातील मोठाच प्रसंग असतो. इंग्रजीत दोन्हीकडे एकच सर्वनाम. ‘अहो’ वरून ‘अरे’ वर येण्यास किती वर्षे लागतात आणि रागाच्या भरात एका क्षणात कसे येता येते, हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला कान देऊन ऐकले तर ती जागा पकडता येते. परक्या वडीलधाऱ्या पुरुषास ‘आजोस्शी’, म्हाताऱ्या बाईस ‘हल्मोनी’ म्हणणे. भेटताच ‘जेवलास का’ असे विचारणे. हे सर्व इंग्रजी अक्षरांतून गळून जाते. हिंदी, तमिळ व तेलुगू भाषांतरे आता मिळतात. मराठीच्या वाट्याला ती क्वचितच येतात, आणि याबद्दल कोणी तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आईनंतर या छंदात माझी दुसरी गुरू झाली ती मणिपूरहून पुण्यास शिकावयास आलेली एक विद्यार्थिनी. २००० साली तेथील एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि ती पोकळी कोरियन वाहिनीने व तेथील चित्रफितींनी भरून काढली. मुंबई-पुण्याच्या शहाण्यांना कोरियाचा शोध लागण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे इंफाळच्या घरांत या मालिका पाहिल्या जात होत्या. तिने एका पेन-ड्राइव्हवर मला ‘मिसेंग’ ही २०१४ मधील मालिका आणून दिली. तो व्यवहार कायद्यास धरून नव्हता, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने कबूल केले पाहिजे.

‘मिसेंग’ विषयी मला तटस्थपणे लिहिता येत नाही, हेही सांगून टाकतो. ‘बादुक’ म्हणजे ज्याला जग ‘गो’ म्हणते त्या खेळात, जी सोंगटी अद्याप मेली नाही पण जगलीही नाही, तिच्या स्थितीस हा शब्द आहे. मूळ कथा युन ते-हो यांच्या चित्रकथेतील. लहानपणापासून या खेळात आयुष्य घातलेला आणि व्यावसायिक खेळाडू होण्यात अपयशी ठरलेला एक तरुण, पदवीविना, ओळखीने एका व्यापारी कंपनीत कंत्राटी नोकर म्हणून लागतो. वीस भागांत ना धड प्रेमकथा, ना खलनायकाचा नि:पात. छायाप्रती काढणे, चुकीच्या फाईलबद्दल बोलणी खाणे, वरिष्ठाने एकदाच ‘आमचा मुलगा’ म्हणणे आणि त्या दोन शब्दांवर त्याने महिनाभर जगणे, असा हा ऐवज आहे. सणाच्या निमित्ताने कंपनी भेटवस्तू वाटते. कायम नोकरांना मांसाच्या डब्यांचा संच मिळतो; कंत्राटी नोकरांना स्वयंपाकाचे तेल. कोणी अपमान करत नाही, कोणी आवाज चढवत नाही. खोकी तेवढी वेगळी असतात.

मी ते दृश्य पाहिले तेव्हा तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवत होतो. घेतलेल्या तासांपुरते मानधन, सुट्टीत काही नाही, आणि जे मिळावयाचे ते मिळेपर्यंत शैक्षणिक वर्ष उलटून जावयाचे. त्यांपैकी एका ठिकाणी दिवाळीपूर्वी कर्मचाऱ्यांना मिठाईचे पुडे वाटले जात. वाटणारा शिपाई भला माणूस होता. यादीत माझे नाव नाही हे पाहून तोच ओशाळला आणि "सर, तुमचं पुढच्या वेळी" असे म्हणाला. मी हसून ‘हो हो’ म्हटले. मिठाईचे मला काहीच वाटले नाही, अशी मी त्या दिवशी स्वतःची समजूत घातली होती. ती खोटी होती हे मला सोलमधील त्या तेलाच्या खोक्याने सांगितले.

त्या कथेमागील कायदा समजून घेण्यासारखा आहे. कोरियात २००७ पासून अमलात आलेल्या नियमानुसार मुदतीच्या करारावरील नोकरास दोन वर्षांहून अधिक काळ ठेवल्यास त्यास कायम समजावे लागते. हेतू रक्षणाचा, परिणाम असा की, दोन वर्षे भरत आली की पुष्कळांना निरोपाचा नारळ मिळतो. मालिका गाजत असतानाच, २०१४ च्या अखेरीस, तेथील सरकारने ३५ वर्षांवरील नोकरांसाठी ही मर्यादा चार वर्षांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा वृत्तपत्रांत तो मालिकेच्या नायकाच्या, जांग गरे याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. दूरचित्रवाणीवरील एक काल्पनिक कारकून श्रमविषयक धोरणाच्या वादात साक्षीदार म्हणून उभा राहतो, असे उदाहरण आपल्याकडे मला आठवत नाही. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांवर मालिका निघाल्याचे तर सोडाच.

आमच्या मालिका अशा का होत नाहीत, या प्रश्नास प्रतिभेचा अभाव हे उत्तर मला मान्य नाही. उत्तर खर्चाच्या रचनेत आहे. आपल्याकडील दैनिक मालिकेचा वाडा एकदा उभा केला की तो खर्च बुडीत. त्यानंतरचा प्रत्येक भाग जाहिरातीचे उत्पन्न आणतो. अशा व्यवसायात कथा संपवणे हा तोटा असतो. म्हणून ती लांबवली जाते. कोरियात प्रदीर्घ काळ रूढ असलेला साचा म्हणजे आठवड्यास दोन भाग, एकूण सोळा किंवा वीस, आणि मग समाप्ती. शेवट ठाऊक असलेला लेखक सुरुवात निराळ्या रीतीने करतो. शिवाय तेथे मालिका लेखकाच्या नावावर ओळखली जाते. ‘माय मिस्टर’ पाक हे-यंग यांची म्हणून, किंवा २०२५ मध्ये आलेली जेजू बेटावरील पाणबुड्या स्त्रियांच्या घराण्याची कथा, ‘व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरिन्स’, इम सांग-चुन यांची म्हणून. आमच्या मालिकांचे लेखक कोण, हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नसते.

तथापि कोरियन मालिकांचे गोडवे गाणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी. गरीब मुलीचे सर्व प्रश्न ‘चेबोल’ घराण्याच्या वारसाने सोडवायचे, ही त्यांची जुनी खोड अजून गेलेली नाही. ज्या उद्योगसमूहांनी ती अर्थव्यवस्था व्यापली आहे, त्यांच्या चिरंजीवांना घोड्यावर बसवून आणणे हे मनोरंजन नव्हे, लाचारी आहे. २०१० पासून मालिकांत वस्तूंची जाहिरात गुंफण्यास मुभा मिळाली. परिणामी ऐन वियोगाच्या प्रसंगी नायिका एका विशिष्ट दुकानातील पावाचा तुकडा मन लावून खाताना दिसते. हे हसण्यावारी नेता येईल. पण आठवड्यास दोन तासांची मालिका प्रक्षेपणाच्या दोन-चार दिवस आधी चित्रित करण्याची जी पद्धत तेथे वर्षानुवर्षे चालली, ती हसण्यावारी नेता येत नाही. २०१६ साली एका मालिकेच्या तरुण सहायक दिग्दर्शकाने आत्महत्या केली. कामगारांच्या ज्या पिळवणुकीत आपण सहभागी झालो ती असह्य झाल्याचे त्याने लिहून ठेवले होते. ती मालिका परीक्षेच्या शिकवणी वर्गांतील कष्टकरी तरुणांवर होती. कंपनीने माफी मागितली ती पुढच्या वर्षी, कुटुंबीयांनी लढा दिल्यावर. मी ती मालिका अर्धी पाहून सोडली. हा काही फार मोठा त्याग नव्हे, याची मला जाणीव आहे.

आता पैसा बाहेरून येतो. १९९४ साली कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांपुढे एक अहवाल ठेवला गेला होता. त्यात ‘ज्युरासिक पार्क’ या एका चित्रपटाचे उत्पन्न १५ लाख मोटारींच्या निर्यातीइतके असल्याचा हिशेब होता. तो हिशेब त्या देशाने मनावर घेतला. १९९७ च्या अखेरीस देश नाणेनिधीच्या दारात उभा होता, सामान्य माणसांनी घरातील सोने देऊ केले. सुमारे ३५ लाख लोकांनी सुमारे २२७ टन. त्याच सुमारास संस्कृती हा उद्योग मानून १९९९ मध्ये त्यासाठी कायदा झाला. आज त्या निर्यातीचा मोठा वाटा एका अमेरिकी कंपनीच्या हाती आहे. ‘स्क्विड गेम’ जगभर गाजली २०२१ मध्ये. पण तिचे मालकी हक्क त्या कंपनीकडे, आणि पहिल्या पर्वातून आपल्याला फारसे काही मिळाले नाही, असे दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्योक यांनी स्वतःच सांगितले आहे. मोटारीच्या कारखान्यात सुटे भाग करणारा कामगार आणि तो यांच्यातील फरक मला सांगता येत नाही.

त्या मालिकेतील एक तपशील पुष्कळांच्या नजरेतून निसटला. तिचा नायक मोटार कारखान्यातून काढलेला, संपात सहकाऱ्याचा मृत्यू पाहिलेला. त्यामागे २००९ च्या प्योंगतेक येथील संपाची छाया आहे. आणि तो राहतो कोठे, तर सांगमुन-दोंग येथे. तीच गल्ल्यांची वस्ती, जिथे १९८८ साली मुले वाडगे घेऊन धावत होती. एका मालिकेत बापाला जामीनकी भोवते, दुसरीत मुलगा स्वतःच्या देहावर सावकाराला हक्क लिहून देतो. मधल्या काळात तो देश श्रीमंत झाला. २०२३ मध्ये तेथील जननदर ०.७२ इतका खाली आला. तो अंक वर्गात सांगताना मी विद्यार्थ्यांना ‘रिप्लाय १९८८’ मधील जेवणाचे पंगतभर दृश्य दाखवतो, आणि अभ्यासक्रम सोडून भलतेच काही चालले आहे, अशी एक तक्रार माझ्याविरुद्ध झालेली आहे.

आई गेली त्याला आता काही वर्षे झाली. मी कायम झालो. यंदाच्या दिवाळीपूर्वी आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारा एक तरुण सहकारी मला ‘सर, ती मालिका द्या ना’ म्हणाला. या वेळी रीतसर मार्गाने पाहता आली. तो तेलाच्या खोक्याच्या प्रसंगापर्यंत येऊन पोहोचला आहे. दुसऱ्या दिवशी कक्षात त्याने त्याविषयी अवाक्षर काढले नाही, आणि शेवटी त्या मुलाची नोकरी कायम होते का, एवढेच विचारले. पुढे पाहा, एवढेच मी त्याला सांगितले.