हर्णै बंदर आणि आपण पाहुणे

प्रवासानें मनुष्य शहाणा होतो, असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. हें म्हणणें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. कितीएक माणसें दूरदूरचे प्रदेश पाहून येतात आणि गेलीं होतीं तशींच परत येतात. पाहावें कसें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास कोठेंही नेलें तरी व्यर्थ. सहलीचा हंगाम जवळ आला म्हणजे यंदा कोठें जावयाचें याची चर्चा आमच्या शाळेंत सुरू होते, आणि अलीकडे तींत समुद्रकांठच्या मासेमारीच्या गांवांचीं नांवें पुढें येऊं लागलीं आहेत. पालक मंडळीही सुटींत मुलाबाळांसह तिकडे जातात. म्हणून अशा गांवीं जाणाऱ्यानें काय पाहावें व कोणत्या भावनेनें पाहावें, याविषयीं आमचें मत येथें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे. उदाहरणादाखल रत्नागिरी जिल्ह्यांतील हर्णै बंदर घेऊं.

हर्णै हें दापोली तालुक्यांत, दापोलीपासून सुमारें 15 किलोमीटरवर आहे. समोर समुद्रांत सुवर्णदुर्ग. आणि इकडे किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवागड हे तीन लहान किल्ले. कनकदुर्गावर दीपगृह आहे. मराठ्यांच्या आरमाराचें हें एक नामांकित ठाणें होतें. 1755 सालीं पेशवे व इंग्रज यांनीं मिळून तुळाजी आंग्रे यांच्यावर चढाई केली, तेव्हां कमोडोर जेम्स याच्या तोफांपुढें तें पडलें. जुलै 2025 मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या 12 किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश केला, त्यांत सुवर्णदुर्ग आहे. ही गोष्ट अभिमानाची खरीच. परंतु तिच्यामुळें येथें येणारांची संख्या वाढणार, आणि किल्ला पाहावयास येणारा प्रत्येक मनुष्य कोळ्यांच्या दारावरून जाणार. सुवर्णदुर्गास जावयाचें तर त्यांचीच होडी लागते. फत्तेगडावर तर कोळ्यांची वस्तीच आहे. 'येथें पाहण्यासारखें कांहीं उरलें नाहीं' म्हणून पुष्कळ पाहुणे तेथून मागें फिरतात. ज्या जातींच्या खलाशांनीं आंग्र्यांचीं गलबतें चालविलीं त्यांत कोळी व भंडारी हे प्रमुख होते. तट पडले, बुरूज ढासळले. ती माणसें मात्र अद्याप तेथें आहेत, आणि पाहुण्यास तेथें पाहण्यासारखें कांहीं दिसत नाहीं, हें नवल नव्हे काय?

हर्णैस पाहुण्यांची खरी गर्दी होते ती मासळीच्या लिलावास. मोठ्या होड्या कांठापासून दूर नांगर टाकून उभ्या राहतात. त्यांतील मासळी लहान होड्यांतून कांठाकडे आणावयाची, आणि तेथून पुढें वाहून न्यावयाची. पाण्यांत शिरणाऱ्या बैलगाड्या हें या बंदराचें जुनें वैशिष्ट्य पुष्कळांनीं पाहिलें असेल. मग ओल्या वाळूवर पापलेट, सुरमई, बांगडा, हलवा, कोळंबी, म्हाकूल यांचे ढीग पडतात, आणि प्रत्येक ढिगाभोंवतीं माणसांचें कडें होतें. भाव बोलला जातो, वाढतो, थांबतो. सौदा तुटला कीं बर्फ येतो, टोपल्या भरतात, आणि कोळिणी आपापला माल उचलून बाजाराची वाट धरतात.

हें सर्व पाहणारे पाहुणे आम्हांस दोन प्रकारचे आढळले. पहिला प्रकार नाकास रुमाल लावणारांचा. 'काय ही घाण!' असें म्हणून ते दोन मिनिटांत पाठ फिरवितात, आणि रात्रीं त्याच मासळीचें कालवण खाणावळींत आवडीनें खातात. दुसरा प्रकार रसिकांचा. यांस तेथील सर्व कांहीं मौजेचें वाटतें: रंगविलेल्या होड्या, पसरलेलीं जाळीं, एखाद्या म्हातारीचा सुरकुतलेला चेहरा. ते कोणास न विचारतां छायाचित्रें घेतात, लिलावाच्या कड्यांत मध्येंच घुसतात, आणि 'किती साधें, किती सुखी हें जीवन!' असा अभिप्राय देऊन मोटारींत बसतात.

पहिल्यास आपण असभ्य म्हणतों व दुसऱ्यास रसिक म्हणतों. आमचें मत असें आहे कीं, हे दोघे सख्खे भाऊ आहेत. एकास केवळ वास येतो, दुसऱ्यास केवळ रंग दिसतो. काम करणारा मनुष्य दोघांसही दिसत नाहीं. एकाची तुच्छता आणि दुसऱ्याचें कौतुक यांच्या मुळाशीं एकच समजूत आहे. ती ही कीं, समोरच्या मनुष्यापासून आपणांस शिकण्यासारखें कांहीं नाहीं.

ही समजूत किती चुकीची आहे हें एका उदाहरणानें सांगतों. भूगोलाच्या तासाला मुलें पाठ करितात कीं, भरतीचें मुख्य कारण चंद्राचें आकर्षण, आणि भरती रोज सुमारें 50 मिनिटें उशिरां येते. कोंकणच्या किनाऱ्यावर हेंच ज्ञान एका सोप्या हिशेबांत पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अदमासें निघते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीस सहाच्या सुमारास. अमावास्या व पौर्णिमा यांच्या मोठ्या भरतीस ते उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीस भांग. तिकडे लिलावांत कल्ला लाल आहे कीं फिका, डोळा फुगीर आहे कीं खोल गेलेला, एवढ्यावरून मासळी किती ताजी हें कोळीण एका नजरेंत सांगते. आमच्या मतें ही पदार्थाची परीक्षा प्रयोगशाळेंतील परीक्षेहून हलकी नाहीं.

आतां त्या 'सुखी जीवना'चाही हिशेब पाहूं. एक फेरी करावयाची म्हणजे डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च आधीं. बहुत ठिकाणीं रीत अशी आहे कीं, विक्रीच्या पैशांतून हा खर्च वजा करावयाचा आणि उरेल त्याचे वांटे पाडावयाचे. होडीचा व जाळ्यांचा वांटा मालकाचा, बाकीचा तांडेल व खलाशी यांचा. मासळी लागली नाहीं तर वांटा नाहीं, खर्च मात्र आहेच. 1 जून ते 31 जुलै या काळांत महाराष्ट्रांत यांत्रिक नौकांनीं मासेमारी करण्यास बंदी असते, कारण पुष्कळ जातींच्या मासळीचा तो अंडीं घालण्याचा काळ, आणि दर्याही त्या वेळीं खवळलेला. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करितात, त्या आनंदाच्या मागें या रिकाम्या महिन्यांचें ओझें असतें. त्यांत वादळें. नोव्हेंबर 2009 मध्यें फयान आलें. 3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां दापोली तालुक्यांतील घरांची व बागांची धूळधाण झाली. समुद्रांतही नवी स्पर्धा आहे. प्रखर दिव्यांनीं मासळी गोळा करून ती एकदम उपसण्याच्या पद्धतीस केंद्र सरकारनें 2017 सालीं बंदी केली, तरी त्याबद्दलची लहान मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाहीं. एवढें सर्व ज्याच्या शिरावर आहे त्याचें जीवन साधें आहे असें म्हणणें म्हणजे दुरून डोंगर साजरे म्हणण्यासारखेंच होय.

यावर कोणी पालक म्हणतील, पाहुणे येतात तो तर त्या गांवाचा फायदाच. चार पैसे मिळतात. हें आम्हांस मान्य आहे. जो कोळी आपल्या घराची खोली पाहुण्यास देतो, जी बाई घरचें जेवण करून वाढते, जो तांडेल किल्ल्याची फेरी करवितो, त्यांच्या हातीं तो पैसा थेट जातो, आणि तो अवश्य जावा. परंतु पाहुण्यांच्या मागोमाग जमिनीचे भाव चढतात. ज्या मोकळ्या जागेंत जवळा वाळत घालावयाचा, जाळीं विणावयाचीं, पावसाळ्यांत होड्या ओढून ठेवावयाच्या, ती जागा परक्या डोळ्यांस रिकामी दिसते, आणि तेथें मोटारी उभ्या करण्याची अगर विश्रामगृह बांधण्याची कल्पना निघते. किनाऱ्याच्या रक्षणासाठीं 1991 सालीं सरकारनें नियम केले, पुढें 2011 व 2019 सालीं ते बदलले. त्यांतील शब्दांचा कीस काढण्याचें हें स्थळ नव्हे. मात्र एवढें निश्चित कीं, कोळ्यांचें वाळवण हलविलें तर त्यांचा धंदा हलतो, आणि धंदा हलला म्हणजे जें पाहावयास पाहुणा येतो तेंही राहत नाहीं.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. घाणीस घाण म्हणूं नये काय? अवश्य म्हणावें, पण घाण आणि वास यांत भेद करावा. मासळीचा वास हा त्या धंद्याचा आहे, जसा सुताराच्या अंगास लांकडाचा आणि मुद्रकाच्या हातास शाईचा. सांडपाणी तुंबणें, कचरा न उचलला जाणें, बर्फ व गोडें पाणी वेळेवर न मिळणें, ही घाणीचीं कारणें निराळीं आहेत, आणि तीं दूर करणें हें ज्यांच्याकडे ती व्यवस्था आहे त्यांचें काम होय. शिवाय पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि खाऊचीं पाकिटें वाळूवर टाकणारे हात बहुधा पाहुण्यांचेच असतात.

हा विषय आम्हीं या अंकासाठीं कां निवडिला तें आतां सांगतों. दोन वर्षांपूर्वीं आमच्या सहलीची मोटार समुद्रकांठच्या एका गांवांत शिरली, तेव्हां वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास आंत आला. निम्म्या मुलांनीं हंसत हंसत रुमाल नाकास लावले. त्यांत एक मुलगी अशी होती कीं, तिचें घर दुसऱ्या एका कोळीवाड्यांत आहे आणि तिच्या शाळेची फी त्याच वासांतून येते. तिनेंही रुमाल लावला. ती हंसत मात्र नव्हती. बाकीचे रुमाल वाऱ्याबरोबर खालीं आले. तिचा उतरला नाहीं. तिला कोणीं कांहीं बोललें नव्हतें, कोणीं तिची थट्टाही केली नव्हती. तरी आपल्या आईबापांच्या कष्टांचा वास आपणांस सहन होत नाहीं असें तिला चारचौघांत दाखवावेंसें वाटलें. पाहुण्याच्या दृष्टीनें एखाद्या गांवाचें केवढें नुकसान होतें तें पाहावयाचें असेल तर तें येथें पाहावें. ज्या धर्मग्रंथाचें वाचन या शाळेंत रोज होतें, त्यांतील पहिले शिष्य गालीलच्या सरोवरावर जाळीं टाकणारे व जाळीं नीट करणारे होते, हें आपण मोठ्या आदरानें सांगतों. त्यांच्याही हातांस हाच वास असला पाहिजे.

तेव्हां विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें आहे. मासेमारीच्या गांवीं जाल तेव्हां दुसऱ्याच्या कामाच्या जागीं आपण आलों आहों हें ध्यानांत धरा. लिलावाच्या वेळीं कड्याबाहेर उभे राहा. तेथें एका क्षणाच्या अडथळ्यानें कोणाचा सौदा बिघडतो. कोणाचें छायाचित्र घेण्यापूर्वीं विचारा, आणि 'नको' म्हटल्यास राग मानूं नका. तुमच्या आईचें चित्र स्वयंपाक करितांना कोणा अनोळख्यानें काढलें तर तुम्हांस रुचेल काय? वाळत घातलेल्या मासळीवरून व जाळ्यांवरून चालूं नका. वाळूवर मोटार नेऊं नका, असें वडिलांसही नम्रपणें सांगा. कांहीं विचारावयाचें तर जाळीं नीट करीत बसलेल्या एखाद्या काकांपाशीं थांबून, त्यांना सवड आहे असें पाहून विचारा, आणि उत्तर वहींत लिहून घ्या.

पालकांसही एक विनंति आहे. मासळी घेतांना कोळिणीशीं घासाघीस करणें हा एक खेळ आहे, असें मुलांस दिसूं देऊं नका. 2023 सालीं पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. तो मान त्याला ताटांत बोटभर लांबीचा वाढून देतां येणार नाहीं. लहान पिलें विकत घेणारा असतो म्हणूनच तीं धरलीं जातात. आणि घरीं एखाद्या मुलाच्या डब्यांतील मासळीविषयीं बोलणें निघालें तर आपल्या तोंडून काय शब्द जातो याकडे लक्ष असूं द्या. शाळेंत रुमाल नाकाकडे जातो तो घरीं शिकलेल्या सवयीनें.

सुवर्णदुर्ग पाहावयास अवश्य जावें; इतिहास जाणावा; समुद्राची शोभा पाहून मन प्रसन्न होऊं द्यावें. परंतु हर्णैहून परतलेला जो विद्यार्थी आम्हांस पांच जातींच्या मासळीचीं नांवें, त्या दिवशींच्या भरतीचा हिशेब आणि ज्यानें तो समजावून दिला त्या मनुष्याचें नांव सांगूं शकेल, त्याची सहल झाली असें आम्ही समजूं. बाकीच्यांचा प्रवास झाला, इतकेंच.