वीज माफ, पण मोटार जळायची थांबत नाही

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊसविकास खात्याने दिव्यांवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण उन्हाळ्यात गटागटांतून फिरताना आमच्या कानावर रोगकिडीपेक्षा एकच तक्रार जास्त येते, "मोटार जळाली, पाण्याची पाळी हुकली." लागण कितीही चांगली असो, एप्रिल-मे महिन्यांत पाळ्या हुकल्या की कांड्या आखूड पडतात आणि फटका काट्यावर कळतो.

मोटार जळण्याची कारणे अनेक. त्यातले एक मात्र आपल्या हातातले आहे. वस्तीवर, गोठ्यात, मोटारीच्या खोलीवर 200 वॅटचे जुने पिवळे बल्ब रात्रभर जळताना आम्ही अजूनही पाहतो. एका डीपीवर असे 20 बल्ब असले की 4000 वॅट झाले. पाच अश्वशक्ती म्हणजे सुमारे 3730 वॅट. म्हणजे पाणी न उपसणारी एक मोटारच आपण त्या डीपीवर चढवली! त्यातून हे दिवे एकाच फेजवर असले, तर त्या फेजचे व्होल्टेज पडते, तिन्ही फेज असमान होतात आणि रात्रपाळीला चालणारी मोटार तापते.

जुन्या बल्बमध्ये शंभरातले नव्वदहून जास्त भाग वीज नुसत्या उष्णतेत जाते. तेवढाच उजेड 25 ते 30 वॅटचा एलईडी देतो. वीस दिव्यांचे मिळून फार तर 600 वॅट.

यावर सभासद म्हणतात, "साहेब, पंपाची वीज तर माफ आहे, मग बल्ब बदलून काय मिळणार?" 2024 साली शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज दिली, हे खरे. पण माफी बिलाला आहे, डीपीवरच्या भाराला नाही. आणि रिवाइंडिंगचे पैसे कोणी माफ करत नाही.

साप-बिबट्याच्या भीतीने रात्री उजेड लागतो, हे आम्ही जाणतो. दिवा काढा असे आमचे म्हणणे नाही, बदला एवढेच. मात्र एलईडीला वीज कमी लागते म्हणून एकाच्या जागी चार फोकस लावले, तर मूळपदावरच आलो.

आमच्या मते हे एकट्यादुकट्याचे काम नाही. शेजाऱ्याचे दिवे तसेच राहिले तर आपल्या मोटारीचा ताप जात नाही. म्हणून एका डीपीवरच्या सर्वांनी उन्हाळ्यापूर्वी एकत्र बसावे, दिवे मोजावेत, एकदमच बदलावेत. घेताना बीआयएसची खूण आणि किती व्होल्टेजवर चालतो हे खोक्यावर वाचावे. दिवे तिन्ही फेजवर वाटून घेण्याचे काम वायरमनकडूनच करवावे. स्वतः खांबावर चढू नये.

ऊस आपण एकेकटे लावतो, पण डीपी सगळ्यांची एकच असते. तिथेही सहकार हवा.

आपला,
ऊसविकास अधिकारी