पीएफ कापतात का तिथे?

मुकुंदवाडीत दिवाळीची चाहूल आकाशकंदिलांच्या आधी बोनसच्या चर्चेने लागते. शेजारीच चिकलठाण्याची एमआयडीसी. इथल्या कित्येक घरांचं घड्याळ पाळीवर चालतं. त्याच घरांत कुणी तबला वाजवतं, कुणी रात्रपाळी सांभाळून तालमीला जातं. पोरगं नाटकातच रमलं, की घरातली वडीलधारी माणसं एवढंच विचारतात : पीएफ कापतात का तिथे?

प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. पण कापून हाती काय येतं, तेही पाहावं. पीएफसोबतच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत २०१४ साली किमान पेन्शन ठरली, महिना १,००० रुपये. १५,००० पगार धरून ३५ वर्षं मोजली, तरी हिशेब ७,५०० वर थांबतो. उलट, राज्याने २०२४ साली ज्येष्ठ कलावंतांचं मानधन महिना ५,००० केलं. तेही निवड झाली तर! म्हातारपणाची सोय लेथवरच्या कामगारालाही स्वतःच करावी लागते आणि नटालाही.

अशा वेळी डॉ. श्रीराम लागूंचं नाव हमखास निघतं. कान-नाक-घशाचे हे सर्जन १९६९ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. ऐकणाऱ्या पोराला त्यातली उडी तेवढी दिसते. त्याआधी वर्षानुवर्षं रुग्ण आणि तालमी त्यांनी जोडीने सांभाळल्या होत्या, हे सांगायचं राहून जातं.

दि. बा. मोकाशींनी उडी मारलीच नाही. पुण्यात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वारीबरोबर पायी चालून त्यांनी 'पालखी' लिहिलं, ते १९६४ साली आलं. नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले; त्यांचा पहिला संग्रह १९६२ चा. या दोघांच्या लेखनाला 'फावल्या वेळचं' म्हणायची हिंमत कोण करील?

खुद्द दिवाळी अंकही याच कसरतीवर उभा आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून संपादक एका हाताने कथा वाचतो आणि दुसऱ्या हाताने जाहिराती गोळा करतो. यंदाही तेच झालं.

या अंकातल्या लेखकांना मानधन पाडव्याआधी पोचेल. अंक शेजाऱ्याकडून मागून न वाचता विकत घ्यावा, ही विनंती.